झेडपीचा झेड आणि मालिकेतला झी

रखडलेल्या झेडपी निवडणुकांच्या निमित्ताने इंग्रजी मुळाक्षरं गावोगावच्या पारावर आली. एबी फॉर्म कुणाला मिळणार, ईव्हीएमवर भरवसा ठेवायचा की नाही, हीच चर्चा. पैठण तालुक्यातल्या पाचोडलाही जिल्हा परिषद म्हणजे 'झेडपी'. संध्याकाळी मात्र घरात मालिका लागते ती 'झी मराठी'वर. अक्षर तेच, नावं दोन. 'झीपी' म्हणणारा माणूस जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही.

झेड आला तो ग्रीक 'झीटा'पासून फ्रेंचमार्गे इंग्लंडात, आणि तिथून आपल्या कचेऱ्यांत. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा सरकारी इंग्रजी ब्रिटिश वळणाचंच होतं. अमेरिकेने मात्र 'झी' धरला. नोआ वेब्स्टरच्या १८२८च्या शब्दकोशाने त्याला मान्यता दिली आणि १८३५मध्ये बोस्टनला छापलेल्या मुळाक्षरांच्या गाण्याने तो पोरांच्या तोंडी बसवला. तेच गाणं आता मोबाइलवर वाजतं. बाप झेड म्हणतो, लेकरू झी म्हणतं, आणि दोघांचंही बरोबर असतं.

खरी मौज पुढेच आहे. इंग्रजी अक्षरांची नावं मराठीने आपल्या पद्धतीने ठरवून घेतली आहेत, आणि ती हिंदीपेक्षा वेगळी आहेत. आपण टीव्ही, सीबीआय, वाय लिहितो. हिंदी वर्तमानपत्रं टीवी, सीबीआई, वाई लिहितात. आपले व्ही. शांताराम हिंदीत गेले की वी. शांताराम होतात. पाचोडमध्येच ग्रामीण आरोग्याचं, किशोरवयीन मुलींसाठीचं मोठं काम उभं करणारी इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट आहे. शेवटी पाचोडचा पी जोडून तिचं आद्याक्षरी नाव मराठीत आयएचएमपी, हिंदीत आईएचएमपी. तेलुगू माणसाने लिहिलं तर त्यातला एचसुद्धा 'हेच' होईल, कारण तेलुगूत एचडीएफसी बँकेचं नावही 'हेच'नेच सुरू होतं. कन्नडमध्ये 'एच' आणि 'हेच' दोन्ही छापलेले दिसतात.

या 'हेच'ला हसण्याआधी आयर्लंडकडे पाहावं. तिथे 'हेच' सर्रास चालतो. उत्तर आयर्लंडमध्ये तर या एका अक्षरावरून बोलणारा कॅथलिक की प्रोटेस्टंट, याचा अंदाज बांधला जाई. कॅथलिक 'हेच' म्हणत, प्रोटेस्टंट 'एच'. दंगलींच्या काळात असा अंदाज जिवावर बेतण्याजोगा होता.

आपल्याकडे जीव जात नाही, पण लेकरांचा पाणउतारा होतो. 'यम, यन, यस' म्हणणाऱ्या खेड्यातल्या पोराला शहरी वर्गात हसतात, आणि हे थांबायलाच हवं. मराठीत शब्दाच्या आरंभीच्या 'ए'ला 'य'ची जोड मिळणं जुनं आहे. जुन्या पोथ्यांत आणि मोडी कागदपत्रांत 'एक'च्या जागी 'येक' सापडतो. 'एक'चा 'येक' करणारी जीभच 'एसटी'ची 'यष्टी' करते. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, आणि पुढे खेड्यापाड्यांत ती 'यष्टी'च झाली. दक्षिणेतल्या भाषांतही 'यम', 'यस' ऐकू येतात. तेव्हा हा आळस नाही, अडाणीपणा तर नाहीच. मुलाच्या मातृभाषेचा उच्चारनियम इंग्रजी अक्षराला लागू झाला, एवढंच.

राज्यात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पहिलीच्या शिक्षकाने 'एम' जरूर शिकवावा, पण 'यम'वर लाल रेघ ओढू नये. झेड आणि झी दोन्ही सांगावेत. पोरं गोंधळत नाहीत, ती घरी एक आणि शाळेत एक बोली सहज बोलतात.

अडचण होते ती फोनवर. गाडीचा नंबर सांगताना एम आणि एन सारखेच ऐकू येतात, मग 'एम मुंबईचा, एन नागपूरचा' सुरू होतं. वैमानिकांनाही हेच करावं लागतं. त्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत व्हीसाठी 'व्हिक्टर' आहे, आणि शेवटच्या अक्षरासाठी 'झुलू', त्यामुळे झेड की झी हा प्रश्नच उरत नाही.