दुपट्यावरचा दुधाचा डाग

दूध पाजून झालं, खांद्यावर घेऊन पाठ थोपटली, ढेकर आला आणि सोबत दुधाची गुळणीही. दुपटं ओलं, आईचा खांदाही ओला. ‘बाळाला ॲसिडिटी तर नाही ना?’ या धास्तीनं पहिलटकरीण दवाखाना गाठते.

डॉक्टर आधी बाळाला वजनकाट्यावर ठेवतात. निदान तिथूनच सुरू होतं. अन्ननलिका जठराला जिथे मिळते, तिथली स्नायूंची झडप या वयात अधूनमधून सैल पडते. त्यात पोट इवलंसं, आहार पातळ आणि बाळ बहुतेक वेळ आडवं. दूध वर येणारच; यालाच ‘रिफ्लक्स’ म्हणतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वाधिक होतं आणि बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात थांबतं. बाळ मजेत आहे, वजन वाढतंय, तर हा आजार नव्हे.

बाळ पिताना कळवळतं, दूध नाकारतं, वजन अडतं, तेव्हा ‘रिफ्लक्सच्या आजारा’ची शंका घ्यायची. नुसत्या रडण्यावरून किंवा पाठ ताणण्यावरून मात्र ते ठरत नाही. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी हुबेहूब अशीच दिसते. म्हणून 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, आधी करून पाहायचे साधे उपाय पुरले नाहीत तर 2 ते 4 आठवडे ही प्रथिनं बंद करून पाहतात. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आईलाच दूध, दही, पनीर सोडावं लागतं.

मग चाचणी? नेमकं उत्तर देणारी एकही नाही. बेरियमच्या एक्स-रेत आतड्याच्या रचनेतला दोष कळतो, रिफ्लक्सचा आजार ठरत नाही. नाकातून बारीक नळी घालून 24 तासांतल्या रिफ्लक्सची नोंद घेता येते, पण ती निवडक बाळांसाठीच.

औषध देऊन पाहणं हेही निदान नव्हे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 162 बाळांपैकी निम्म्यांना आम्ल कमी करणारं लॅन्सोप्रॅझोल दिलं, निम्म्यांना दिखाऊ औषध. दोन्ही गटांत 54 टक्के बाळांना सारखाच आराम पडला. छातीच्या जंतुसंसर्गासारखे गंभीर त्रास मात्र खऱ्या औषधाच्या गटात जास्त दिसले.

काही खुणा दिसल्या तर थांबायचंच नाही. हिरवी उलटी आतडं अडल्याची असू शकते. तीन ते सहा आठवड्यांचं बाळ पिचकारीसारखं दूध फेकत असेल तर जठराचं तोंड अरुंद झालंय का, हे सोनोग्राफीत पाहतात. उलटीत रक्त, ताप, सुस्ती, फुगलेली टाळू, यातलं काही दिसलं तरी तातडीनं रुग्णालय.

एरवी आईनं सोबत न्यावी ती वही: किती वेळा पाजलं, गुळणीचा रंग कोणता, दिवसात किती लंगोट ओले झाले. मोबाइलवर उलटीचं चित्रीकरण असेल तर उत्तमच. अनेक डॉक्टर बाळाला समोरच पाजायला सांगतात आणि शांतपणे पाहत बसतात.