बलूननंतरचे २१ दिवस

“उंची?”

“दीडशे सेंटिमीटर.”

दहाने भागायचं, त्यात दहा मिळवायचे. आले २५. म्हणजे जास्तीत जास्त २५ मिलिमीटरपर्यंत बलून फुगवायचा. सिस्टरांनी तो ट्रेमध्येच फुगवून कॅलिपरने मोजला. खात्रीसाठी पुन्हा मोजला.

छत्रपती संभाजीनगरातल्या एका रुग्णालयाची ही कॅथलॅब. टेबलावरची बाई कन्नड तालुक्यातली, बत्तीस वर्षांची, ऊसतोड करणारी. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना दम लागायचा. बसलं की खाडा, म्हणून दोन हंगाम अंगावर काढलेले. शेवटी घाटी या सरकारी रुग्णालयात इको झाला. हृदयातल्या मायट्रल झडपेचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असायला हवं. हिचं एकाच्याही आत. छाती न उघडता हे मोकळं होतं, हे ऐकून मी पाहायला गेले होते.

जांघेतल्या शिरेतून नळी हृदयाच्या उजव्या बाजूला पोचली. डावीकडे जायला मधल्या पडद्याला सुईने भोक पाडावं लागतं. इथे सगळ्यांचं बोलणं थांबलं, कारण सुई भलतीकडे गेली तर हृदयाभोवती रक्त साचतं. पुढे मॉनिटरवर बलूनचं एक टोक फुगलं, मग दुसरं, आणि मध्ये झडपेने आवळलेली कंबर दिसली. दाब वाढला तशी कंबर नाहीशी झाली. लगेच बलून रिकामा केला, कारण तो फुगलेला असेपर्यंत रक्ताची वाट बंद असते. डाव्या कप्प्यातला दाब २८ वरून १२ वर आला. बाई जागी होती. “झालं का?” एवढंच तिने विचारलं.

जपानी सर्जन कांजी इनोउए यांनी हा बलून १९८२ मध्ये पहिल्यांदा वापरला. त्याआधी फासळ्यांमधून आत शिरून, बोटाने चाचपत झडप उघडत.

डॉक्टर हात धुवायला गेले. सिस्टर मात्र कार्ड भरत होत्या. “दर २१ दिवसांनी पेनिसिलिन. खाडा नाही,” त्यांनी बाईच्या नवऱ्याला बजावलं. झडपेच्या दुखण्याचं मूळ लहानपणच्या साध्या घसादुखीत असतं. दाटीवाटीच्या घरांत ती एकाची दुसऱ्याला होते, मग ताप येतो, सांधे धरतात, आणि जंतूंवर तुटून पडणारं शरीर स्वतःच्याच झडपेवर उलटतं. पाकळ्यांच्या कडा चिकटतात. बलूनने त्या सुटतात. पण घसा पुन्हा धरला, ताप उलटला, तर पुन्हा तेच. म्हणून निदान चाळिशीपर्यंत २१ दिवसांचं हे इंजेक्शन. वर्षाला सतरा सुया.

“दिवाळीनंतर आम्ही कारखान्यावर,” नवरा म्हणाला. “मुकादमाकडून उचल घेतलीय.”

सिस्टरांनी कार्डावर तारखा लिहिल्या आणि खाली ठळक अक्षरांत: कोणत्याही सरकारी दवाखान्यात द्यावे. तरी रिअ‍ॅक्शनच्या धास्तीने अनेक ठिकाणी ही सुई टाळतात, हेही त्या बोलून गेल्या.

मला बलूनचं कौतुक आहेच. पण तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो, त्याची फाईल होते, मंजुरी येते. फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या बाईच्या एकविसाव्या दिवसाची फाईल कुणाच्याच टेबलावर नसते. त्या दिवसाची नोंद मुकादमाच्या वहीत तरी असावी, असं मला वाटतं. उचल तिथे बिनचूक लिहिलेली असते.