गदेचे दावेदार : निकाल कसे वाचावेत?

अंबरनाथ-बदलापूरच्या तालमीतला पोरगा आधी निवड चाचणीत उतरतो. तिथून ‘महाराष्ट्र केसरी’त गेला की माती किंवा गादी, एकच विभाग त्याच्या वाट्याला. खुल्या गटात दोन्ही विभागांचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात; जिंकणाऱ्याला चांदीची गदा.

जपानी सुमोत वरच्या गटाचा मल्ल १५ दिवस रोज एक लढत खेळतो, त्यामुळे एखादी हार पचते. आपल्याकडे हरला की गदा गेली. म्हणून सुरुवातीच्या निकालांपेक्षा कोण कुणाच्या विभागात पडलाय, ते आधी बघावं. जानेवारी २०२३ला कोथरूडमध्ये सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड हे दोन तगडे दावेदार मातीतच समोरासमोर आले. महेंद्रच्या टांग डावाला मिळालेल्या गुणांवरून गावोगावी वाद पेटला. ती कुस्ती महेंद्रने जिंकली; अंतिम लढतीत मात्र गादीतून आलेल्या शिवराज राक्षेने त्याला हरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरने शिवराजला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केलं. ‘फॉर्म’ वगैरे शब्द इथे जपूनच वापरावेत.

  

२०२५, अहिल्यानगर, पुन्हा निकालाचा वाद : गादीच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळकडून हरल्याचा निकाल शिवराजला मान्य झाला नाही, त्याने पंचाला लाथ मारली. त्याच्यावर ३ वर्षांची बंदी आली. महेंद्रने मोहोळविरुद्धची अंतिम लढत अर्धवट सोडली, त्यालाही तीच शिक्षा. गदा मोहोळकडे गेली.