दचकणे म्हणजे भुताटकी नव्हे!

नेवासे तालुक्यातले घोडेगाव जनावरांच्या बाजारासाठी, त्यातही म्हशींसाठी, दूरवर प्रसिद्ध आहे. जाणते गिऱ्हाईक म्हैस घेताना कास पाहते, दात पाहते आणि म्हैस बुजरी तर नाही ना, हेही विचारून घेते. रस्त्यावरच्या ट्रकने हॉर्न दिला की एखादे जनावर नुसते कान टवकारते, तर एखादे दावे तोडू पाहते. पण म्हैस बुजली म्हणून तिला भूतबाधा झाली, असे कोणी म्हणत नाही. आवाज झाला म्हणून बुजली, एवढे सगळ्यांना कळते.

घरात मात्र तान्हे बाळ झोपेत दचकले की मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात, मनगटाला काळा दोरा येतो, कुठे कुठे देवऋषीलाही बोलावले जाते. जनावराला एक न्याय आणि लेकराला दुसरा, असे का?

शरीराची ढाल

दचकणे ही शरीराची उपजत ढाल आहे. लँडिस आणि हंट ह्या अमेरिकन संशोधकांनी माणसांजवळ पिस्तुलाचा बार काढून त्यांचे वेगवान चित्रीकरण केले आणि १९३९ साली त्यावर पुस्तक लिहिले. प्रथम डोळे मिटतात, मग मान पुढे येते, खांदे वर चढतात, कोपर वाकतात, पोट आकसते, गुडघे लवतात. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आसपास आटोपते. बंदुकीच्या आवाजाला सरावलेल्या नेमबाज पोलिसांचीही पापणी लवलीच!

ह्याचे कारण सोपे आहे. कानातून निघालेला संदेश मेंदूच्या देठात जातो आणि तिथून थेट मज्जारज्जूत उतरतो. विचार करणाऱ्या मेंदूला काय झाले ते उमगायच्या आत अंग आकसलेले असते. उंदराच्या पायाचे स्नायू तर आवाजानंतर सेकंदाच्या सुमारे आठ हजारांशात हलतात. डार्विनने हे स्वतःवरच करून पाहिले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाड काचेआड विषारी साप होता. तो अंगावर आला तरी हलायचे नाही, असा निश्चय करून डार्विन काचेला तोंड लावून उभा राहिला. सापाने झेप घेतली आणि तो एक-दोन यार्ड मागे उडाला! १८७२ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने हे लिहून ठेवले आहे. तेव्हा दचकणाऱ्याला भित्रा म्हणून हसण्यात अर्थ नाही.

अंधारातले भूत कुठे असते?

भीती मनात आधीच असेल तर माणूस जास्त दचकतो. १९५१ साली संशोधकांनी उंदरांना दिवा आणि विजेचा झटका ह्यांची सांगड घालून दिली. पुढे नुसता दिवा लागलेला असला, तरी आवाजाला ते अधिक जोराने उडू लागले. १९९७ साली असे दिसले की, माणूस उजेडापेक्षा अंधारात जास्त दचकतो. उंदीर हा रात्रीचा प्राणी. तो उलट प्रखर उजेडात जास्त दचकतो. म्हणजे अंधारात भूत नसते, आपला मेंदू अधिक सावध असतो. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ असे सांगणारे आईबाप लेकराच्या मनात तोच झटका पेरत असतात.

अपघात, मारहाण किंवा वस्तीवरचा हल्ला सोसलेली माणसे पुढे कित्येक महिने भांडे पडले तरी दचकतात. हे मानसिक आघाताचे लक्षण आहे. त्यावर उपचार आहेत. त्यांना अंगारा नको, आधार आणि डॉक्टर हवा.

दूध काढणाऱ्यांना हे नवीन नाही. धसका घेतलेली गाय-म्हैस पान्हा चोरते. १९४१ साली इली आणि पीटरसन ह्यांनी प्रयोगाने दाखवले, की धार काढताना गाईला घाबरवले तर दूध नीट उतरत नाही. गोठ्यात जे आपण पाळतो, ते पाळण्याजवळही पाळावे.

आईने काय पाहावे?

तान्हे बाळ आवाजाने किंवा मानेचा आधार सुटल्यास दोन्ही हात फाकवते आणि पुन्हा छातीशी घेते. एर्न्स्ट मोरो ह्या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाचे नाव ह्या क्रियेला मिळाले आहे. चार ते सहा महिन्यांत ती आपोआप जाते. मात्र तीन गोष्टींवर लक्ष ठेवा.

एक, मोठ्या आवाजानेही बाळ वारंवार दचकत नसेल, तर कान तपासून घ्या. बहिरेपण पहिल्या तीन महिन्यांत ओळखून सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले, तर बोलणे शिकायला फार मदत होते. पण तपासण्यासाठी कानाशी फटाका वाजवू नका.

दोन, एकच हात उचलला जात असेल, तर बाळंतपणात खांद्याच्या हाडाला किंवा नसांना इजा झालेली असू शकते.

तीन, आवाज नसताना, विशेषतः झोपेतून उठल्यावर, बाळ काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा पुढे झुकून झटके देत असेल, तर ते दचकणे समजू नका. ती फिट असू शकते. तीन ते आठ महिन्यांच्या वयात ह्याचा धोका जास्त. उशीर झाला तर मेंदूच्या वाढीला फटका बसतो. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

ध्यान आणि दचकणे

दचकणे मुळीच बंद करता येते का? कॅलिफोर्नियातील लेव्हन्सन आणि एकमन ह्यांनी सुमारे चाळीस वर्षे ध्यान करणाऱ्या एका बौद्ध भिक्खूंवर केलेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. कानाशी ११५ डेसिबलचा आवाज सोडला. बेसावध असताना भिक्खूही बहुतेक बाबतींत इतरांसारखेच दचकले. ध्यानात असताना मात्र चेहऱ्यावरचा आणि शरीरातला धक्का कमी होता. प्रयोग एकाच माणसावरचा आहे, म्हणून फार मोठा दावा करू नये. पण साधनेने काय होते आणि काय होत नाही, हे मोजून पाहता येते, एवढे त्यातून नक्की कळते. मंत्राने वा ताईताने नव्हे, सरावाने मन निवते.

माताभगिनींनो, आज रात्री बाळ दचकले तर त्याला छातीशी धरा, हात हलकेच मिटवून द्या, आणि मीठ-मोहऱ्या फोडणीसाठी ठेवा. तिसऱ्या लक्षणाची शंका आली, तर देवऋषीच्या दाराकडे एक पाऊलही वाया घालवू नका.