एका अर्ध्या फेऱ्याची गोष्ट

'विंटेज' हा शब्द मूळचा द्राक्षमळ्यातला. द्राक्षे कोणत्या हंगामात तोडली यावरून मद्याचे मोल ठरे; तोच शब्द पुढे मोटारींना चिकटला. शौकीन मंडळी 1930 पूर्वीच्या गाडीलाच ही पदवी देतात. आपल्या केंद्र सरकारने 2021 साली नियम केला, त्यात मात्र पन्नास वर्षांपुढच्या गाडीचा विचार केला आहे. त्या हिशेबाने माझ्या आत्याची 1966 सालची अँबॅसडर वयाने तरी विंटेजमध्ये बसते.

मॉरिस ऑक्सफर्डची ही भारतीय लेक 1957 पासून 2014 पर्यंत बंगालमधल्या उत्तरपाड्याला तयार होत होती. आत्याच्या गाडीचे इंजिन 1489 सीसीचे, चार सिलिंडरचे. आतोबा गेल्यावर गाडी आठ वर्षे उभी होती. गेल्या वर्षी आत्याने ठेवीचे पैसे मोडून इंजिन नवे करवून घेतले. रिबोअर झाले, पिस्टन-रिंगा आल्या, बेअरिंगे बदलली. आणि एवढे सगळे होऊन गाडी घरी आली ती दोरीने ओढत! गॅरेजवाल्याने सांगितले, "ब्लॉकच गेलाय. भंगारात द्या, मी गिऱ्हाईक पाठवतो." गिऱ्हाईक रविवारी येणार होते. मी शनिवारी पोचलो, तो आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बरोबर घेऊनच.

मिस्त्रींनी हँडल मारले. इंजिन सुरू होईना. पण कार्ब्युरेटरमधून 'फट्' असा आवाज आला, आणि पाठोपाठ सायलेन्सरनेही बार काढला. आत्या म्हणाली, "अरे, हिची दिवाळी आधीच सुरू झाली की!"

मिस्त्री मात्र खूश झाले. "सर, मेलेलं इंजिन आवाज करत नाही. याचा डेल्को उलटा बसलाय."

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. अमेरिकेत डेटन गावी चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी 1909 साली काढलेल्या कंपनीचे ते लघुनाम. वनस्पती तूप कोणाचेही असले तरी ते जसे डालडाच, तसा बनावट कोणाचीही असली तरी मिस्त्रींच्या तोंडी तो डेल्कोच. भाषेचा मास्तर असल्यामुळे मला या शब्दाचे भारी कौतुक. असो.

या डेल्कोचे काम पंगतीतल्या वाढप्यासारखे. चार प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाढायची. या इंजिनात क्रम 1-3-4-2 असा. आता गोम अशी, की पिस्टन एका ठिणगीसाठी दोनदा वर येतो. एकदा पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबत येतो, एकदा जळका धूर बाहेर ढकलत येतो. पुलीवरची खूण दोन्ही वेळा एकाच जागी दिसते! खूण पाहून जो डेल्को बसवतो त्याची फसगत होण्याची शक्यता निम्मीनिम्मी. ठिणगी धुराच्या फेरीत पडली, तर नेमका तेव्हाच आत घेणारा व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो. मिश्रण पेटते आणि ज्वाळा आल्या वाटेने कार्ब्युरेटरकडे उलटते. तोच आमचा फटाका.

गंमत म्हणजे डेल्कोच्या बुडाची जीभ मुद्दाम मध्यापासून सरकवलेली असते. तो एकाच रीतीने बसतो. त्यामुळे गॅरेजवाला छातीठोकपणे म्हणत होता, "उलटा बसूच शकत नाही." खरे आहे, पण ती जीभ ज्या खाचेत बसते, तो खालचा दांडाच उलटा बसला असेल तर?

मिस्त्रींनी पहिला प्लग काढला आणि माझा अंगठा भोकावर ठेवायला लावला. हळूहळू हँडल फिरवले. अंगठा फस्सकन उडाला, म्हणजे दाबाची फेरी. खूण जुळली तिथे थांबलो. झाकण उचलले, तर आतला रोटर पहिल्या तारेकडे नव्हे, समोरच्या चौथ्या तारेकडे बोट दाखवीत उभा!

पडताळा म्हणून त्यांनी तारांची अदलाबदल केली, 1 च्या जागी 4, 3 च्या जागी 2. तिसऱ्या हँडलला इंजिन धडधडू लागले. आत्या ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. ती काही बोलली नाही. आत जाऊन तिने गिऱ्हाइकाला फोन लावला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितले.

मला वाटले, झाले काम. मिस्त्री म्हणाले, "असं ठेवलं तर पुढचा कारागीर पुस्तक बघून तारा पुन्हा 'नीट' करील." तेव्हा इंजिन बंद करून पुन्हा दाबाच्या फेरीवर आणले, डेल्को आणि त्याची बैठक काढली, दांड्याच्या टोकाच्या आट्यात लांब बोल्ट फिरवून दांडा वर ओढला. त्याचे दाते तिरके असतात, त्यामुळे आत शिरताना तो वळतो. म्हणून खाच आडवीपेक्षा किंचित खाली कललेली आणि मोठी बाजू वर, अशी धरून सोडायची. तळाला जाईतो ती घड्याळातल्या एकच्या आकड्याकडे येते. पहिल्या खेपेला एक दात चुकला. लगेच कळले, कारण टायमिंग जुळवायला डेल्को फिरवावा, तर त्याच्या बाजूची व्हॅक्यूमची डबी ब्लॉकला अडू लागली. दुसऱ्या खेपेला बरोबर बसला.

मग तारा मूळ जागी, पॉइंटची फट 15 हजारांश इंच, आणि टायमिंगसाठी एक साधा बल्ब. पॉइंट उघडताक्षणी तो लागतो; तिथे डेल्को घट्ट करायचा. मजुरी विचारली तेव्हा मिस्त्रींनी आधी आत्याकडे चहा मागितला आणि म्हणाले, "आजी, पहिले पाचशे मैल दामटू नका. रिंगा नव्या आहेत."