शॉर्टकट बदला, एडिटर चालू राहू द्या

इमॅक्सच्या इनिट फाइलमध्ये एक ओळ लिहायची: कंट्रोल-सी आणि पाठोपाठ डी दाबलं की कर्सर असलेल्या ओळीची आणखी एक प्रत व्हावी. मग कर्सर शेवटच्या कंसाच्या लगेच पुढे ठेवून कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई दाबायचं. खिडकीच्या तळाशी ‘डुप्लिकेट-लाइन’ अशी अक्षरं उमटतात. शॉर्टकट लागू झालेला असतो. फाइल अजून सेव्हही झालेली नसते. कोणती की कोणत्या कमांडला जोडली आहे याचा तक्ता मेमरीत असतो आणि की दाबली की इमॅक्स तोच बघतो; इनिट फाइल वाचली जाते ती सुरू होताना. तक्ताच हाताशी असताना अख्खा एडिटर बंद करणं म्हणजे नळाचा वायसर बदलायला गच्चीवरची टाकी रिकामी करणं. ‘रीस्टार्टला दोन सेकंद लागतात, त्यात काय एवढं?’ असं विचारलं जातं. रिकाम्या एडिटरला दोनच सेकंद लागतात, मान्य. पण ऐन कामात कितीतरी फाइली उघड्या असतात, शेल चालू असतो, आणि वेगळी सोय केली नसेल तर बंद करताना अन्डूचा सगळा इतिहास जातो. म्हणून माणूस बदल पुढे ढकलतो आणि अवघडलेल्या बोटांनी वर्षं काढतो. शॉर्टकट सोयीचा आहे की नाही हे बोटांनाच कळतं, तेही दोन-चारदा फिरवून बघितल्यावर.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. फाइलमधून ओळ खोडली तरी चालू इमॅक्समधला शॉर्टकट जात नाही, तो वेगळा काढावा लागतो. विममध्येही तेच, शिवाय तिथे सेटिंगची फाइल पुन्हा ‘सोर्स’ केली की ऑटोकमांड दुप्पट होतात, म्हणून जाणकार त्या गटात बांधून आधी पुसतात. (व्हीएस कोडमध्ये शॉर्टकटची फाइल म्हणजे नुसती यादी, सेव्ह केली की खोडलेलंही जातं.) म्हणजे मेमरी एक सांगते, फाइल दुसरंच, आणि ते उद्या सकाळी उघड होतं. यावर उपाय सोपा आहे: शेजारी दुसरा इमॅक्स उघडावा. तो फाइल कोरीपणे वाचतो, चूक असेल तर तिथेच दिसते, आणि पहिल्यातलं काम हलत नाही. उलट, पुष्कळदा रीस्टार्ट केला जातो तो निव्वळ श्रद्धेने. सगळीकडे लागू केलेली की एखाद्या मोडमध्ये चालत नाही, कारण इमॅक्स आधी मोडचे तक्ते बघतो आणि सार्वत्रिक तक्ता सर्वांत शेवटी. तिथे शंभरदा बंद-चालू करूनही फरक पडणार नाही. कंट्रोल-एच, के आणि ती की दाबली तर ती कोणत्या कमांडला जोडलेली आहे ते लगेच कळतं.