जलपर्णी काढली, पण धातूंचं काय?

पवना आणि इंद्रायणी या नद्यांवर दरवर्षी जलपर्णीचा हिरवा थर पसरतो. मैलापाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ती पोसते. पण ही वनस्पती मुळांवाटे जड धातूही शोषते.

हे धातू येतात कुठून? भोसरी-चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनतात. ते गंजू नयेत म्हणून त्यांवर जस्त, निकेल, क्रोमियमचा मुलामा चढवतात. मग भाग धुतलेल्या पाण्यात हे धातू उतरतात. त्यांतलं सहा संयुजेचं क्रोमियम पाण्यात सहज विरघळतं आणि ते कर्करोगकारक आहे. सांडपाण्यावरच्या प्रक्रियेत त्याचं तीन संयुजेच्या क्रोमियममध्ये रूपांतर करून, चुना घालून ते गाळाच्या रूपात वेगळं करता येतं. ही प्रक्रिया टाळली, की धातू नाल्यातून नदीत जातात.

तिथे ते चिकणमाती आणि सेंद्रिय कणांना चिकटून तळाशी बसतात. म्हणून वरचं पाणी तपासणीत बरं दिसलं तरी गाळ दूषित असू शकतो. पाण्याची आम्लता किंवा प्राणवायूचं प्रमाण बदललं, की हे धातू पुन्हा सुटतात. पुराबरोबर गाळ भीमा नदीतून उजनी धरणाकडे सरकतो.

जलपर्णीत बहुतेक धातू पानांपेक्षा मुळांत जास्त साठतात. काढलेली जलपर्णी काठावरच कुजली, तर ते नदीत परततात. धातू कुजून नष्ट होत नाहीत. म्हणून तपासणीशिवाय जलपर्णीचं खत शेतात घालू नये. पाण्यासोबत गाळाचीही नियमित तपासणी व्हावी आणि तिचे आकडे नागरिकांसमोर यावेत.